साप्ताहिक पाराशेतून रोजच्या जगण्याचा धडा शोधताना या चुका टाळा

धडा आधी ठरवायचा आणि मग पाराशेत (तोराच्या, म्हणजे मोशेच्या पाच पुस्तकांच्या, त्या आठवड्याच्या वाचनभागात) त्याचा पुरावा शोधायचा, ही सगळ्यांत मोठी चूक. खालच्या बहुतेक चुका हिच्यातूनच निघतात. शुक्रवारी दुपारी मोबाइलवर चार ओळींचा सारांश येतो, त्यात ‘या आठवड्याचा संदेश: संयम’ असं लिहिलेलं असतं, आणि शब्बाथच्या (शुक्रवार संध्याकाळपासून शनिवार संध्याकाळपर्यंतच्या विश्रांतिदिनाच्या) मेजावर तेवढंच बोललं जातं. असा संदेश कोणत्याही आठवड्याला चालतो. मूळ मजकूर उघडलाच नाही, तर याच आठवड्यात तो का वाचला हे कळणार कसं?

वाचनच अपुरं राहतं

शब्बाथच्या सकाळी पाराशा सात आलियांमध्ये, म्हणजे भागांत, वाचतात. घरच्या वाचनासाठी हीच वाटणी वापरा. रविवारी पहिली आलिया, सोमवारी दुसरी, याप्रमाणे शनिवारी सातवी. सगळ्यांत लांब पाराशा नासो, तिची १७६ वचनं. म्हणजे तिथंही रोजची सरासरी पंचवीसच पडते. सगळ्यांत छोटी वायेलेख अवघ्या तीस वचनांची आहे. जुनी पद्धत मूळ हिब्रू दोनदा आणि तर्गुम, म्हणजे आरामी भाषांतर, एकदा वाचण्याची. तलमूदच्या (रब्बींच्या चर्चांच्या जुन्या संग्रहाच्या) बेराखोत या भागात ती सांगितली आहे, आणि तर्गुमच्या जागी राशी या मध्ययुगीन भाष्यकाराचं भाष्य वाचण्याचीही मुभा आहे. हिब्रू अडखळत येत असेल, तर निदान अभ्यासासाठी मराठी भाषांतर दोनदा वाचा. पहिल्यांदा काय घडतं ते कळतं. काय अनपेक्षित आहे, ते दुसऱ्यांदा दिसतं, आणि धडा बहुतेक वेळा तिथंच असतो.

मागे पडलात तर सोडून देऊ नका. शब्बाथच्या जेवणाआधी वाचन संपवणं उत्तम. नाही जमलं तर पुढच्या बुधवारपर्यंत, आणि तेही हुकलं तर सिमहाथ तोरापर्यंत (तोराचं वर्षाचं वाचन पूर्ण होतं त्या सणापर्यंत) भरून काढता येतं, असं शुलहान आरूख या धर्मनियमांच्या संहितेत काहींच्या मताने नोंदवलं आहे.

नावालाच विषय समजणं

पाराशेचं नाव तिच्या सुरुवातीच्या शब्दांतून येतं. ते विषय सांगत नाही. ‘हाये सारा’ म्हणजे साराचं आयुष्य, पण पाराशा सुरू होते तिच्या मृत्यूने. पुढे अब्राहाम दफनाची जागा चारशे शेकेल चांदी मोजून विकत घेतो आणि त्याचा नोकर इसहाकसाठी रिबका शोधतो. तिथं साराच्या गुणांवर बोलत बसलात, तर चार लोकांसमोर उघड व्यवहार करून पूर्ण किंमत देण्याची गोष्ट हातातून सुटते. ‘यित्रो’त दहा आज्ञा आहेत, पण त्यांच्या आधी सासरा जावयाला सांगतो, ‘एकट्याने सगळ्यांचे तंटे सोडवत बसशील तर तूही थकशील आणि लोकही.’ मोशे ते ऐकतो आणि हजारांवर, शंभरांवर, पन्नासांवर, दहांवर माणसं नेमतो. संस्थेचं किंवा मंडळाचं काम पाहणाऱ्यांनी हा भाग वेगळा काढून वाचावा.

मिद्राश आणि मजकूर यांची सरमिसळ

अब्राहामने वडिलांच्या मूर्ती फोडल्या, ही गोष्ट तोरात नाही. ती बेरेशित रब्बा या मिद्राशात, म्हणजे रब्बींच्या कथारूप भाष्यात, आहे. एदेन बागेतलं फळ सफरचंद होतं, हेही तोरा कुठेच म्हणत नाही. मिद्राश खोटा आहे असं इथं म्हणायचं नाही. पण तोरा इथं गप्प का आणि मिद्राशाला बोलावंसं का वाटलं, हा प्रश्न सरमिसळ झाली की विचारताच येत नाही. वहीत दोन रकाने करा. एकात फक्त वचन आणि त्याचा क्रमांक, दुसऱ्यात भाष्यकाराचं नाव आणि त्याचं म्हणणं. पहिला रकाना रिकामा राहिला, तर तुमचा धडा पाराशेतून आलेला नाही.

पूर्वजांना निर्दोष ठरवण्याची घाई

इथं थोडं थांबायला हवं, कारण सर्वाधिक हाती लागतं ते इथंच आणि निसटतंही इथंच. याकोबने आंधळ्या बापासमोर थोरल्या भावाची जागा घेतली, हे तोलेदोतमध्ये वाचताना आपण लगेच त्याची बाजू मांडायला धावतो. तोरा त्या जागी निवाडा देत नाही. ती पुढं चालत राहते, आणि उत्तर पुढच्या पाराशांत येतं.

तोलेदोतमध्ये रिबका करडांची कातडी याकोबच्या हातांवर बांधते. वायेत्सेमध्ये लाबान रात्रीच्या अंधारात राहेलऐवजी लेआ देतो, आणि जाब विचारल्यावर म्हणतो, ‘थोरलीच्या आधी धाकटीला देणं आमच्याकडे होत नाही.’ वायेशेवमध्ये योसेफचा झगा करडाच्याच रक्तात बुडवून मुलं बापाला विचारतात, ‘ओळखा, हा तुमच्या मुलाचा आहे का?’ लगेच पुढच्या अध्यायात तामार यहूदासमोर त्याच्याच खुणेच्या वस्तू ठेवून तेच म्हणते: ‘ओळखा.’ एका आठवड्याची पाराशा सुटी वाचणाऱ्याला ही साखळी दिसत नाही. म्हणून मागच्या दोन आठवड्यांची टिपणं चाळल्याशिवाय चालू आठवड्याचा धडा लिहू नका.

याच कुटुंबातला दुसरा धागा रोजच्या घराला जास्त लागू पडतो. इसहाकचा ओढा एसावकडे, रिबकाचा याकोबकडे, आणि मोठा झाल्यावर याकोबने योसेफबाबत तेच केलं. तलमूदमध्ये, शब्बाथ या भागात, यावरून सरळ सूचना आहे: मुलांमध्ये एकाला वेगळं काढू नये, कारण दोन सेला वजनाच्या तलम लोकरीपायी भावांना हेवा वाटला आणि आपले पूर्वज मिसरात गेले. धडा असा असावा: नेमकी चूक, तिचं नेमकं मोल, आणि आपल्या घरात तपासण्याजोगी गोष्ट.

निर्दोष ठरवण्याचा हट्ट परंपरेचाही नाही. तेराव्या शतकातल्या रांबानने (नाहमानिदेसने) लेख लेखा या पाराशेवर लिहिताना अब्राहामने साराला धोक्यात घातलं याला नकळत घडलेलं, पण मोठं पाप म्हटलं आहे.

नियमांच्या पाराशा कंटाळवाण्या म्हणून टाळणं

कथा संपल्या की वाचक गळतात. मिश्पातीम, केदोशीम, की तेत्से या नियमांच्या पाराशांत तर रोजचं जगणं जास्त थेट सापडतं. मेत्सोरामध्ये घराच्या भिंतीवर डाग उमटला तर कोहेन (याजक) तपासायला येतो, पण त्याआधी घर रिकामं करायला सांगतो, म्हणजे आतलं सामान अशुद्ध ठरू नये. मिश्नाच्या (तलमूदचा गाभा असलेल्या नियमसंग्रहाच्या) म्हणण्याप्रमाणे यात खरी काळजी मातीच्या भांड्यांची आहे, कारण बाकीची भांडी शुद्ध करता येतात, मातीची येत नाहीत. गरिबाचं मडकंही वाचवायचं, इतक्या बारकाईने हा नियम केलेला आहे.

की तेत्सेमध्ये नव्या घराच्या गच्चीला कठडा बांधण्याची आज्ञा आहे. रांबामने (मायमोनिदेसने) उंची दिली आहे, निदान दहा तेफाख, म्हणजे ढोबळ मानाने ८० सेंटिमीटर. कठडा इतका भक्कम हवा, की टेकलेला माणूस पडता कामा नये. अंगणातल्या विहिरीलाही कठडा किंवा झाकण हवं, असं तो सांगतो. त्या आठवड्यात ‘इतरांची काळजी घ्यावी’ असं लिहिण्यापेक्षा बाल्कनीचे सैल गज, जिन्यातली उघडी वायर, वाडीतली उघडी विहीर पाहून या.

धडा फार मोठा किंवा दुसऱ्यासाठी

‘प्रामाणिक राहावं’ हे आठवड्यात करता येत नाही. काय, कोणाशी, कधीपर्यंत, हे तिन्ही लिहिता आलं पाहिजे. मजुरी रोखू नये, ही आज्ञा केदोशीम आणि की तेत्से दोन्हींत आहे. मिश्ना तिला वेळ लावते: दिवसाच्या मजुराचे पैसे त्याच रात्रीत, महिन्यावर ठेवलेल्याचे महिना संपल्यावर, आणि दोष लागतो तो त्याने मागितल्यावर. घरकामाला येणाऱ्या बाईंचा पगार एक तारखेला ठरला असेल, तर त्यांनी विचारण्याआधी पैसे काढून ठेवणं हा पुरेसा धडा आहे. आणि धडा वाचताना डोळ्यांसमोर नणंद किंवा शेजारी येत असतील, तर ते वचन पुन्हा वाचा.

काही वचनं धडा द्यायला नकार देतात. हट्टी, बंडखोर मुलाला दगडमार करण्याचा नियम यांपैकीच एक. तलमूदमध्ये एक मत आहे की असं कधी घडलं नाही आणि घडणारही नाही, केवळ अभ्यासासाठी ते लिहिलं आहे. तिथंच रब्बी योनाथान म्हणतात, मी असा मुलगा पाहिला आहे. अशा जागी गोड अर्थ ओढून काढू नका, प्रश्न तसाच लिहून पुढे जा.

क्रमांक आणि तारखांमुळे होणारे घोटाळे

मराठी बायबलमध्ये पुस्तकांची नावं उत्पत्ती, निर्गम, लेवीय, गणना, अनुवाद अशी आहेत, आणि काही ठिकाणी क्रमांक हिब्रूपेक्षा वेगळे पडतात. गहाण ठेवलेलं पांघरूण सूर्यास्ताआधी परत देण्याचं वचन हिब्रूत शेमोत २२:२५ आहे, तर मराठीत ते बहुधा निर्गम २२:२६ ला सापडतं. वचन जुळलं नाही तर एकदोन ओळी मागंपुढं पाहा.

हाफ्ताराशी (पाराशेनंतर वाचतात त्या संदेष्ट्यांच्या भागाशी) संबंध लागत नसेल तर आधी तारीख पाहा. तिशा बाव (मंदिराच्या विध्वंसाच्या शोकाचा उपवास) येण्याआधीचे तीन आणि नंतरचे सात शब्बाथ हाफ्तारा पाराशेवरून ठरत नाही, शोक आणि सांत्वनाच्या काळावरून ठरतो. बेने इस्रायल (महाराष्ट्रातल्या ज्यूंच्या) सिनेगॉगांत सेफार्दी (मुळात स्पेनमधल्या ज्यूंची) पद्धत चालते. त्यामुळे शेमोत पाराशेच्या आठवड्यात तुमच्याकडे यिर्मया १ असेल आणि छापील अश्केनाझी (युरोपीय ज्यूंच्या) पत्रकावर यशया २७.

पेसाह आणि शावुओत हे सण इस्रायलबाहेर एक दिवस जास्त पाळतात. पेसाहचा आठवा किंवा शावुओतचा दुसरा दिवस शब्बाथला आला, की भारतात सणाचा भाग वाचतात आणि इस्रायल एक पाराशा पुढे जातो. २०२२ मध्ये हा फरक एप्रिलच्या अखेरीपासून जुलैअखेरपर्यंत राहिला, मातोत आणि मासे जोडून वाचल्यावर मिटला. २०२३ मध्ये शावुओतमुळे पडलेला फरक १ जुलैला हुक्कात-बालाक एकत्र वाचून भरला. अश्दोद किंवा दिमोनातल्या नातेवाइकांबरोबर फोनवर अभ्यास करत असाल, तर त्या महिन्यांत कोणाचं वेळापत्रक पाळायचं हे आधीच ठरवा.

राहिलं लिहिण्याचं. शब्बाथला लिहीत नाहीत, म्हणून टिपणं शुक्रवारी मेणबत्त्या लावण्याआधी पूर्ण करा, मेजावर छापील कागद ठेवा. मुलांनी जेवताना विचारलेले प्रश्न लक्षात ठेवून शनिवारी हाव्दालानंतर (शब्बाथ संपवणाऱ्या विधीनंतर) वहीत उतरवा.