शंखातला खेकडा आणण्याआधी वाळू मोजा

मागच्या खेपेला पेटी, वाट्या, शोभेचे दगड असे सगळे आणले आणि वाळू मात्र जेमतेम दोन बोटे पसरली, म्हणून ही यादी वाळूपासूनच सुरू होते. जमिनीवर राहणारे हे हर्मिट खेकडे उष्ण प्रदेशांतल्या किनाऱ्यांवर, भरतीरेषेच्या वरच्या झाडोऱ्यात वावरतात आणि कात टाकण्यासाठी ओल्या वाळूत स्वतःला गाडून घेतात. त्यामुळे पेटीत वाळू किमान 15 सेंटीमीटर हवी. सर्वांत मोठ्या खेकड्याच्या उंचीची तिप्पट याहून जास्त भरत असेल, तर तेवढी हवी. पाच भाग वाळूत एक भाग कोकोपीट मिसळावे आणि मुठीत दाबल्यावर गोळा टिकेल, पण पाणी गळणार नाही, इतपतच ते ओले करावे.

पेटी काचेची आणि झाकणाची असावी. सर्रास विकला जाणारा तारेचा पिंजरा घेऊच नये, कारण हा प्राणी जमिनीवरही कल्ल्यांनीच श्वास घेतो आणि हवेतील आर्द्रता 80 टक्क्यांच्या आसपास नसेल तर हळूहळू गुदमरतो. तापमान 24 ते 29 अंश सेल्सिअस ठेवावे.

पाण्याच्या वाट्या दोन, एक गोड्या आणि एक खाऱ्या पाण्याची. दोन्हींतले क्लोरीन काढलेले असावे. खाऱ्या पाण्यासाठी मत्स्यालयाचे सागरी मीठच वापरावे, स्वयंपाकाचे नव्हे.

पोट मऊ असल्याने अंगाला बसेल असा शंख हीच त्याची ढाल असते. दर खेकड्यामागे तीन-चार रिकामे, गोल तोंडाचे शंख ठेवावेत. रंगवलेले नकोत, रंगाचे टवके पोटात जातात.

पुन्हा वाळू. माझा खेकडा त्या उथळ थरात कोपऱ्यात अर्धवट गाडून घेऊन निपचित पडला, तेव्हा तो मेला असे समजून मी त्याला चमच्याने उकरले. निघाला तो फिकट, लिबलिबीत, पण जिवंत. शेजारी पडलेली कात, जी खाऊनच त्याचे नवे कवच टणक व्हायचे होते, ती मी कचरा म्हणून फेकली. तो वाचला नाही. खेकडा आत गेला की काही आठवडे, मोठा असेल तर काही महिने, उकरायचे नाही म्हणजे नाही.

बाकी थोडक्यात: एकटा खेकडा ठेवू नये, खाण्यात कॅल्शियमसाठी माकुळाचे हाड असावे, चढायला लाकूड द्यावे. आणि खेकडे आणायला निघण्यापूर्वी पट्टी तळापर्यंत खुपसून चारही कोपऱ्यांतली वाळू मोजावी.