इअरफोन पारखताना आधी टिप, मग आवाज
वायरलेस इअरफोनचा आवाज जोखण्याआधी सिलिकॉन टिप नीट बसवा. टिप सैल असेल तर हवा गळते आणि सगळ्यात आधी बेस, म्हणजे खर्जातला घुमणारा आवाज, जातो. दोष मात्र इअरफोनला दिला जातो. सोबत आलेली टिपची सगळी मापं लावून पाहा. दोन कानांना वेगवेगळी मापं लागू शकतात.

मग इक्वलायझर (बेस किंवा इतर सूर कमी-जास्त करणारं सेटिंग) बंद करून तबल्याच्या साथीचं गाणं लावा. डग्ग्याची घुमक आणि तबल्याच्या चाटेवरचे, म्हणजे काठावरचे बोल सुटे ऐकू यायला हवेत. घुमकेखाली गायकाचे शब्द दबले, तर बेस फुगवलेला आहे. दोन जोड्यांची तुलना करताना आवाजाची पातळी सारखी ठेवा, कारण थोडा मोठा आवाजही सरस वाटतो. एलडॅक हे ब्लूटूथवरून जास्त बारकाव्यांसह आवाज पाठवणारं तंत्र आयफोनवर चालत नाही, त्यामुळे आयफोन असेल तर त्यासाठी जादा पैसे मोजू नका.

शेवटी पाऊण तास सलग घाला, त्यात काहीतरी चावून खा. जबडा हलताच टिप सरकली किंवा कानात ठणका लागला, तर आवाज कितीही गोड असो, ती जोडी परत करा.