थर्मामीटर ३८.९ दाखवतोय? तापमान बदलताना या चुका टाळा

रात्री साडेदहाला काकूंचा फोन. "अरे, पोराचं अंग नुसतं भाजतंय आणि हे मेलं थर्मामीटर ३८.९ वरच अडलंय. बिघडलं वाटतं!"

बिघडलं नव्हतं. बऱ्याच डिजिटल थर्मामीटरचं बटण जास्त वेळ दाबलं गेलं की आकडा सेल्सिअसमध्ये दिसू लागतो. ३८.९ सेल्सिअस म्हणजे १०२ फॅरनहाइट, चांगला सणसणीत ताप. आपल्याकडे हवा सेल्सिअसमध्ये आणि ताप फॅरनहाइटमध्ये मोजायची सवय, त्यामुळे आधी आकड्याशेजारचं अक्षर बघा.

"दुप्पट करून तीस मिळवा" ही युक्ती हवेपुरती ठीक. २० अंशांना ती ७० सांगते, खरे ६८. पण ३८.९ ला लावली तर १०७.८ येतात आणि घरात रडारड सुरू. तापासाठी १.८ ने गुणा, मग ३२ मिळवा. क्रम उलटा केलात तर निरोगी माणसाचे ३७ अंशसुद्धा १२४ होतात!

एक्सेलमध्ये कंस विसरणं हे नेहमीचं दुखणं. फॅरनहाइटचे सेल्सिअस करताना १०२ मधून ३२ वजा करायचे, मग ५/९ ने गुणायचं. वजाबाकीला कंस नसेल तर एक्सेल गुणाकार आधी उरकतं आणि उत्तर येतं ८४.२. हा ताप नव्हे, चहा झाला.

सगळ्यात जास्त लोक फसतात ते फरकात. गोळीने ताप २ अंश फॅरनहाइटने उतरला, तर सेल्सिअसमध्ये किती? सूत्रात २ घातले की उणे १६.७ येतात. खरं उत्तर १.१. फरक काढताना ३२ चा संबंधच नसतो, कारण दोन्ही आकड्यांतले ३२ एकमेकांना खाऊन टाकतात. पॅरिस करारातली १.५ अंश सेल्सिअसची वाढसुद्धा फॅरनहाइटमध्ये २.७ होते, ३४.७ नाही.

दशांशावरही फार जीव लावू नका. १८६८ मध्ये कार्ल वुंडरलिख या जर्मन डॉक्टरांनी शरीराचं सरासरी तापमान ३७ सांगितलं. ९८.६ हे त्याचंच रूपांतर. त्यामुळे ९८.८ दिसले म्हणून कुणी आजारी ठरत नाही.

अमेरिकेतल्या नातेवाइकांनी पाठवलेल्या केकच्या कृतीत ३५० असतील तर ओटीजीवर साधारण १७५ लावा. केल्विन हवं असेल तर सेल्सिअसमध्ये २७३.१५ मिळवा, आणि केल्विनला 'अंश' म्हणत नाहीत.

सूत्र बरोबर आहे का, हे उणे ४० घालून बघा. दोन्हीकडे उणे ४० च यायला हवेत.

काकूंना बटण पुन्हा दाबून धरायला सांगितलं. १०२ दिसल्यावर म्हणाल्या, "हां, आता कसं नीट चालायला लागलं!"