एमएस असलेल्या ताई पार्लरमध्ये येतात तेव्हा

सोलापुरात एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो आणि लग्नसराईही नेमकी तेव्हाच असते. पार्लरचं काम नव्याने शिकणाऱ्या मुलींनी मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणजे एमएस, समजून घेताना सुरुवात उष्णतेपासून करावी.

या आजारात शरीराची प्रतिकारशक्तीच मेंदू, मज्जारज्जू आणि डोळ्यांच्या नसांवरच्या मायलिन या आवरणावर हल्ला करते. आवरण झिजलं की नसांमधून जाणारे संदेश मंदावतात, मध्येच अडतात. आजार स्पर्शाने पसरत नाही. अंग तापलं की अडथळा वाढतो. नजर धूसर होते, पाय लटपटतात. हा उथॉफ परिणाम. जर्मन नेत्रतज्ज्ञ विल्हेल्म उथॉफ यांनी १८९० मध्ये त्याचं वर्णन केलं. अंग निवलं की त्रास ओसरतो. ताप किंवा संसर्ग नसताना नवा त्रास २४ तासांहून जास्त टिकला तर तो रिलॅप्स, म्हणजे आजार पुन्हा उसळणं, असू शकतो; तेव्हा लगेच डॉक्टरांकडे पाठवा.

म्हणून वेळ सकाळची द्या, कूलर आधीच लावून ठेवा, फेशियलमधली वाफ गाळा. गार पाणी हाताशी असू द्या.

खरा धोका बधिरपणाचा आहे. तळपायाला संवेदना कमी असेल तर पाणी कढत असूनही ताई "चालतंय की" म्हणतील आणि फोड नंतर दिसेल. पेडिक्युरचं पाणी थर्मामीटरने ३५ ते ३७ अंशांवर ठेवा. वॅक्स आधी स्वतःच्या मनगटावर लावून बघा. बधिर भागावर मात्र गरम वॅक्स किंवा करंटचं मशीन वापरूच नका.

मानेवरचे केस कापताना हनुवटी छातीकडे दाबू नका. काहींना मान वाकवताच पाठीतून करंट गेल्यासारखं वाटतं. त्याला लर्मिट चिन्ह म्हणतात. चेहऱ्यात एका बाजूला सुरी खुपसल्यासारखी कळ येत असेल तर ट्रायजेमिनल न्यूराल्जियाची, म्हणजे चेहऱ्याच्या नसेच्या दुखण्याची, शक्यता असते, त्या बाजूला थ्रेडिंग नको. पाय आखडला तर ओढून सरळ करू नका, आधार देऊन थांबा.

दंड, मांडी, पोटावर एमएसच्या औषधाच्या इंजेक्शनच्या लाल गाठी असतील तिथे वॅक्स आणि मसाज टाळा. काही औषधांनी प्रतिकारशक्ती कमी होते, म्हणून ब्लेड नवीन घ्या, अवजारं निर्जंतुक करा, क्युटिकल, म्हणजे नखाच्या मुळाशी असलेली पातळ कातडी, कापू नका.

लघवीची घाईही या आजारात होते. टॉयलेट कुठे आहे ते आधीच दाखवा, वाटेतली ओली फरशी पुसून घ्या आणि कामाच्या मध्ये उठावं लागलं तरी चालेल असं स्वतःहून सांगा.