खुडूक कोंबडी रवणाला कशी बसवावी

खुडूक, म्हणजे अंडी उबवायला बसू पाहणारी कोंबडी ओळखायला तज्ज्ञ लागत नाही. ती अंडी द्यायची थांबते, खुराड्यातून उठत नाही, हात नेला की पिसं फुलवून टोच मारते. तरी लगेच अंडी मांडायला घेऊ नका. संध्याकाळी बाकीच्या कोंबड्या झोपायला वर चढतात तेव्हा ही रिकाम्या जागेवरच चिकटून बसली, आणि दुसऱ्या संध्याकाळीही तेच केलं, तर ती पक्की. छातीखाली हात घातला तर पिसं गळून उघडी पडलेली कातडी तापलेली लागते.

रवणाला, म्हणजे अंडी उबवायला, गावठीच हवी. लेअर, म्हणजे अंड्यांसाठी पाळायच्या जातीच्या कोंबड्या सहसा खुडूक होत नाहीत आणि कडकनाथही त्या कामाची नाही. कडकनाथची पिल्लं हवी असतील तर तिची अंडी गावठीखाली ठेवा.

हंगाम दिवाळी ते शिमगा. वैशाखात साताऱ्याच्या कोरड्या भागात, म्हसवड-दहिवडीकडे पत्र्याच्या शेडखाली कोंबडी चोच उघडी टाकून धापा टाकते, ती काय ऊब धरणार? मेढा-पाटणच्या पावसाळ्यात पिल्लं निघतात, पण ओल्या जमिनीवर रक्ती हगवण लागते.

अंडी घरची, सात दिवसांच्या आतली, न धुतलेली, फ्रिजबाहेर निमुळतं टोक खाली करून ठेवलेली. कळपात कोंबडा हवा. दुकानातल्या पांढऱ्या अंड्यांतून पिल्लू निघत नाही, कारण त्या फार्मवर कोंबडाच नसतो. लांबट अंड्यातून कोंबडा आणि गोल अंड्यातून तलंग (कोवळी कोंबडी) निघते, हे ऐकून अंडी निवडत बसू नका. त्यात तथ्य नाही. दहा-बारा अंडी पुरे. छातीखालून एखादं बाहेर डोकावत असेल तर ते काढाच, नाहीतर आलटून पालटून सगळीच गार पडतात.

आता खरी डोकेदुखी. कोंबडी खुडूक होते ती तिने निवडलेल्या जागी, म्हणजे नेमकी जळणाच्या ढिगामागे नाहीतर चाऱ्याच्या गंजीत, जिथे रात्री मुंगूस येतं. तिला तुमच्या जागी न्यायचं कसं? इथे गावभर एकच सल्ला मिळतो, डालग्याचा, म्हणजे बांबूच्या पालथ्या टोपलीचा: "डालग्याखाली घाला की ओ, बसंल आपसूक." नाही बसत. कोंडलेली कोंबडी उभीच राहते, चकरा मारते, अंडी तुडवते, त्यातच हगते. दोन दिवसांनी डालगं उचललं की थेट जुन्या जागी धावते आणि कोरड्या मातीवर बसते. माझाही घोळ सगळ्यात जास्त इथेच झाला होता. कोंबडीचं मन अंड्यांवर नसतं, जागेवर असतं. एवढं कळलं की पुढचं जमतं.

नवी जागा अंधारी आणि बाकीच्या कोंबड्यांपासून वेगळी हवी. जुनं घमेलं घ्या, तळाला चार बोटं माती दाबून मध्ये खळगा करा, वर भाताचा पेंढा. उसाचं पाचट घालू नका, ते टोचतं आणि कोंबडी सारखी हलते. त्यात दोन-तीन निकामी अंडी ठेवा. चांगली अंडी अजून घरातच.

तिला हलवायचं ते पूर्ण अंधार पडल्यावर. बॅटरी तोंडावर मारायची नाही. दोन्ही बाजूंनी हात खाली घालून पंखांसकट उचला. आधी पंखाखाली चाचपा, तिथे अंडं अडकलेलं असतं आणि उचलताना फुटतं. घमेल्यात अलगद टेकवा, वर डालगं, डालग्यावर पोतं. दुसरा दिवसभर हात लावू नका.

संध्याकाळी डालगं उचला आणि लांब जाऊन उभे राहा. ती उतरेल, एकदाच भलीमोठी घाण वास मारणारी विष्ठा टाकेल, दाणे टिपेल, पाणी पिईल. पंधरा-वीस मिनिटांनी स्वतःच्या पायांनी घमेल्यात आली तर जिंकलात. जुन्या जागेकडे वळली तर तिथे काहीच सापडता कामा नये. म्हणून हलवायच्या आधीच ती जागा फळी नाहीतर दगड लावून बंद केलेली असली पाहिजे. हे काम लोक हमखास विसरतात. तिला पकडून परत दाबून बसवणं तर सगळ्यात वाईट. हाताची भीती बसली की ती रवणच सोडते.

सलग दोन संध्याकाळी आपणहून परत आली की त्या रात्री निकामी अंडी काढा आणि चांगली सगळी एकदम ठेवा. रोज दोन-दोन घातलीत तर पिल्लं वेगवेगळ्या दिवशी निघतात. पहिल्या पिल्लांमागे आई उठून जाते आणि उरलेली अंडी वाया जातात. प्रत्येक अंड्याला पेन्सिलने गोल रेघ मारा, म्हणजे दुसरीने गुपचूप घातलेलं ओळखू येईल. विजांनी अंडी नासू नयेत म्हणून सोबत खिळा नि कोळसा ठेवायची पद्धत आहे. ठेवा हवं तर, घरातल्या म्हातारीशी भांडू नका. टोक तेवढं अंड्याला लागू देऊ नका.

पुढचे एकवीस दिवस सोपे. मका-ज्वारीचे दाणे, पाणी, आणि उवा झडाव्यात म्हणून लोळायला चुलीची राख. पिकावरचं औषध अंगावर मारू नका.

सातव्या रात्री मोबाईलच्या उजेडात अंडी पाहा. कोळ्याच्या पायांसारख्या लाल शिरा दिसल्या तर ठेवा, आरपार स्वच्छ दिसलं तर काढा. अठराव्या दिवसानंतर हात नको.

कवचाला चीर पडल्यावर पिल्लू बाहेर यायला चोवीस तासही लागतात. कवच सोलून मदत करू नका. आतल्या शिरा तुटून रक्त येतं आणि पिल्लू मरतं. पहिला दिवस ते खात नाही, घाबरू नका. पोटातल्या पिवळ्या बलकावर ते जगतं. नंतर चिक स्टार्टर (पिल्लांचं तयार खाद्य) द्या, नुसत्या कणीवर पिल्लं वाढत नाहीत. पाणी उथळ ताटलीत, त्यात खडे. घारीसाठी पहिले तीन आठवडे डालगं.

पाचव्या ते सातव्या दिवशी मानमोडीची, म्हणजे राणीखेत रोगाची लासोटा लस, डोळ्यात एक थेंब. ही लस टाळायची नाही. कुपी बहुतेक शंभर पिल्लांची असते, बर्फातून आणावी लागते आणि पातळ केल्यावर दोन तासांत संपवायची असते. म्हणून शेजारच्या घरांत कुणाची पिल्लं कधी निघणार हे आधीच विचारून ठेवा आणि कुपी एकत्र आणा.