धुऱ्यावरची बाभूळ आणि चेनसॉ: आधी धार, मग सायलेन्सर

नागपूरकडे हौसेनं लाकूड कापणाऱ्याच्या वाट्याला येतं ते बहुतेक कठीणच: धुऱ्यावरची (शेताच्या बांधावरची) बाभूळ, वादळात पडलेली चिंच किंवा कडुनिंब, काटोल-नरखेडकडच्या जुन्या बागांतून काढलेली संत्र्याची झाडं. असं लाकूड वाळलं की नवी चेनही लवकर बोथट होते. मग मशीनला ताकद नाही असं वाटतं आणि माणूस सायलेन्सर उघडायला बसतो. दहापैकी नऊ वेळा दोष चेनमध्ये असतो. म्हणून मशीनमध्ये बदल करायचे असतील तर क्रम असा ठेवा: चेन, बार (चेन जिच्यावर फिरते ती पट्टी), कार्बोरेटर आणि सगळ्यात शेवटी सायलेन्सर.

त्याही आधी परवानगी. शहरात उभं झाड तोडायचं किंवा मोठी छाटणी करायची तर 1975 च्या वृक्ष संरक्षण कायद्याखाली महानगरपालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची मंजुरी लागते. साग, मोह, खैर ही झाडं स्वतःच्या शेतातली असली तरी 1964 च्या वृक्षतोड कायद्यात येतात. कागद हातात आल्यावरच मशीन बाहेर काढा.

चेन आणि बार

दुकानात ‘20 इंची चेन द्या’ म्हणून भागत नाही. पिच (कड्यांमधलं अंतर), गेज (बारच्या खाचेत जाणाऱ्या कड्यांची जाडी) आणि ड्राइव्ह लिंकची (खाचेतल्या त्याच कड्यांची) संख्या हे तीन आकडे लागतात आणि ते बहुतेक बारवरच कोरलेले असतात. बाजारातल्या स्वस्त 52-58 सीसी मशीनवर बहुतेक .325 पिच, .058 गेज (1.5 मिमी) आणि 20 इंची बारला 76 लिंक असतात. लहान मशीनवर 3/8 लो-प्रोफाइल चेन येते. गेज चुकलं तर चेन बारच्या खाचेत जात नाही, नाहीतर सैल बसून डुलते आणि काप वाकडा जातो.

दात सेमी-चिझलचेच घ्या. फुल-चिझलचा कोपरा टोकदार असतो. ओल्या, स्वच्छ लाकडात तो झपाझप कापतो, पण सालीत माती अडकलेल्या बाभळीत तोच कोपरा आधी जातो. सेमी-चिझलचा गोलसर कोपरा थोडा हळू कापतो, मात्र धार बराच वेळ टिकवतो.

52 सीसीच्या मशीनला 22 इंची बार लावून विकतात. वाळक्या बाभळीत तो पूर्ण बुडवला की इंजिन बसतं, क्लच घसरून तापतो. 16 किंवा 18 इंची बार आणि त्याच्या मापाची चेन लावा. एवढ्या एका बदलानं कापताना जो फरक पडतो, तो सायलेन्सरला छिद्र पाडूनही पडत नाही. स्प्रॉकेटवर, म्हणजे चेन फिरवणाऱ्या दातेरी चाकावर, अर्धा मिमी खोल घासा पडला असेल तर तोही बदला. झिजलेला स्प्रॉकेट नवी चेन खातो.

धार

भुसा बघा. चपटे, जाडसर तुकडे पडत असतील तर धार आहे. पिठासारखा भुसा पडू लागला किंवा मशीन दाबावं लागलं की तिथेच थांबा.

.325 चेनला 4.8 मिमीची गोल कानस लागते, 3/8 लो-प्रोफाइलला 4.0 मिमीची. बार व्हाइसमध्ये घट्ट धरा, चेन ब्रेक लावा, सगळ्यात झिजलेला दात शोधून त्यावर मार्करनं खूण करा. तो दात आधी घासा आणि बाकीचे त्याच्या लांबीवर आणा. कानस दाताच्या आतून बाहेर, एकाच दिशेनं चालवायची. परत आणताना उचलायची. कानशीचा साधारण पाचवा भाग दाताच्या वर राहिला पाहिजे. चेनला सहसा 30 अंशाचा कोन असतो, पण वाळक्या कठीण लाकडासाठी 25 अंश ठेवा. धारेमागे जास्त पोलाद राहतं. एका दाताला तीन-चार हात पुरतात. कानशीला आधी खडू चोळला तर कीस अडकत नाही.

डाव्या बाजूचे दात लांब आणि उजवीकडचे आखूड झाले की काप एका बाजूला ओढतो. दोष बारचा समजून बार बदलला जातो आणि काप वाकडाच राहतो. आधी व्हर्नियरनं दात मोजा.

दातापुढचा खुंट, म्हणजे रेकर, दर तीन-चार धारेनंतर खोली मोजायचं गेज ठेवून चपट्या कानशीनं घासा. तो दातापेक्षा 0.65 मिमी खाली हवा, बाभळीसाठी 0.5 मिमी बरा. लवकर कापलं जावं म्हणून रेकर फार खाली घालू नका. दात लाकडात रुततो, मशीन झटके देतं आणि किकबॅक, म्हणजे बार अंगावर उसळणं, वाढतो.

धुऱ्यावरच्या झाडात जुनी काटेरी तार, खिळे खोडानं गिळलेले असतात. कापलेल्या तोंडावर निळसर-काळा डाग दिसला तर आत लोखंड आहे असं समजा. बाभळीतल्या टॅनिनशी लोखंडाचा संयोग होऊन तो रंग येतो. तिथून हातभर सरकून कापा.

पेट्रोल, ऑइल, कार्बोरेटर

मिश्रण मशीनच्या पुस्तकाप्रमाणेच करा. 50:1 म्हणजे लिटरला 20 मिली टू-स्ट्रोक ऑइल, 25:1 म्हणजे 40 मिली. अंदाजानं ओतू नका, मापाचं झाकण वापरा. हल्लीच्या पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ते हवेतलं पाणी ओढतं आणि कार्बोरेटरचा रबरी पडदा कडक करतं. महिन्यात संपेल एवढंच मिश्रण बनवा.

चेनसाठी जुनं काळं इंजिन ऑइल घालू नका, त्यातला धातूचा चुरा पंप खातो. बार ऑइल मिळालं नाही तर मे महिन्यात नवं 20W-50 इंजिन ऑइल, थंडीत SAE 30 चालतं. बारचं टोक कापलेल्या ओंडक्याच्या तोंडाजवळ धरून अर्धा थ्रॉटल द्या. त्यावर तेलाची रेघ उमटली पाहिजे.

आता नागपूरच्या हवेचा मुद्दा. मेमध्ये पारा 45 अंशांवर असतो. गरम हवा विरळ, तिच्यात ऑक्सिजन कमी, म्हणून मिश्रण आपोआप पेट्रोलकडे झुकतं. तेव्हा एच स्क्रू (कार्बोरेटरचा, फुल थ्रॉटलचं पेट्रोल ठरवणारा) आवळून छान लावलेलं मशीन डिसेंबरच्या 10-12 अंशांच्या सकाळी सुरू केलं की हवा दाट, पेट्रोल कमी. मशीन किंचाळतं, जोरदार वाटतं आणि पिस्टन चिकटतो. वर्षातून निदान दोनदा कार्बोरेटर लावा.

रीत अशी. फिल्टर स्वच्छ करा, मशीन गरम करा. आधी एल स्क्रू (कमी वेगाचं पेट्रोल ठरवणारा) हळूहळू फिरवून आयडल, म्हणजे थ्रॉटल न देता चालणारा वेग, सर्वांत चढेल ती जागा शोधा आणि तिथून पाव फेरीपर्यंत उघडा. आयडल स्क्रू इतपत कमी करा की चेन थांबेल. मग फुल थ्रॉटल काही सेकंदच देऊन आवाज ऐका. मोकळ्यात थोडा गुरगुरता, फाटका आवाज यायला हवा. लाकडात बार टेकताच तो साफ झाला पाहिजे. मोकळ्यातच आवाज अगदी साफ, टोकदार असेल तर एच थोडा उघडा.

उन्हात तापलेलं मशीन बंद करून लगेच टाकीचं झाकण उघडू नका. आत दाब असतो, पेट्रोल फवाऱ्यासारखं उडतं आणि सायलेन्सर शेजारीच असतो. सावलीत ठेवा, गार होऊ द्या.

सायलेन्सर

हा बदल करायचाच असेल तर सायलेन्सर मशीनवरून उतरवूनच छिद्र पाडा. धातूचा कीस एक्झॉस्ट पोर्टमध्ये (सिलिंडरमधून धूर बाहेर पडायच्या तोंडात) गेला तर सिलिंडर गेला. बाहेर जायच्या वाटेचं एकूण क्षेत्रफळ एक्झॉस्ट पोर्टच्या 70-80 टक्क्यांपुढे नेऊ नका. ठिणगी अडवणारी जाळी काढू नका, नव्या छिद्रालाही लावा. एप्रिलमधलं वाळकं गवत एका ठिणगीनं पेटतं. नव्या छिद्राचं तोंड हाताकडे किंवा टाकीकडे नको. नंतर एच स्क्रू उघडून पुन्हा ट्यून करणं भाग आहे, नाहीतर मशीन कोरडं चालून पिस्टन जातो. आवाज वाढतो, तेव्हा कानाला मफ हवेतच. त्याआधी जुनी जाळी काढून बघा. ती काजळीनं बुजलेली असेल तर तारेच्या ब्रशनं साफ केल्यावर गेलेली ताकद परत येते आणि छिद्राची गरजच उरत नाही.

चेन ब्रेक, चेन कॅचर (तुटलेली चेन अडवणारा खुंट) आणि थ्रॉटल लॉक यांना हात लावायचा नाही.

कापताना

बारच्या टोकाचा वरचा पाव भाग कशालाही टेकला की बार क्षणात चेहऱ्याकडे उसळतो. डावा अंगठा हँडलखालून गुंडाळलेला ठेवा, बारच्या रेषेत उभे राहू नका, खांद्याच्या वर मशीन नेऊ नका. उन्हासाठी डोक्याला दुपट्टा बांधता तर त्याचं एकही टोक लोंबकळायला नको. त्यापेक्षा हेल्मेट आणि जाळी घाला. पायांवर चेन अडवणारे चॅप्स (जाड आवरण) आणि बूट हवेत. उन्हाळ्यात काम सकाळी नऊपर्यंत आटपा.

काम झालं की चेन सैल करा. गरम असताना ताणलेली चेन गार होताना आखडते आणि क्रँकचं बेअरिंग ओढते. पावसाळ्यात मशीन पडून राहणार असेल तर टाकी रिकामी करा, मशीन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा, प्लग काढून सिलिंडरमध्ये चमचाभर टू-स्ट्रोक ऑइल घाला आणि दोरी दोनदा हळू ओढून प्लग परत लावा. बार उतरवून त्याची खाच साफ करा आणि पुढच्या वेळी तो उलटा करून बसवा. म्हणजे दोन्ही कडा सारख्या झिजतात.