महिनाभर दारू बंद, बैठक चालू

शुक्रवारी संध्याकाळी साडेसहाला ग्रुपवर मेसेज पडतो, 'बसायचं का आज?' महिनाभर प्यायची नाही असं ठरवलेला माणूस मग दोनपैकी एक करतो. एक तर जातो आणि 'एकच' म्हणत तीन घेतो, नाहीतर काहीतरी थाप मारून घरी थांबतो. घरी थांबणारा शहाणा वाटतो खरा, पण दुसऱ्या शनिवारी तोच कंटाळून फोन करतो, 'कुठे आहात रे?' माणसं तोडून महिना निघत नाही. म्हणून इथे सांगितलेल्या बहुतेक गोष्टींचा रोख एकच आहे: माणसं तीच ठेवायची, भेटीही तेवढ्याच ठेवायच्या, बदलायचं ते वेळ, जागा आणि ग्लासातलं.

सुरू करण्याआधी, रोज पिणाऱ्यांसाठी

आठवड्यातून दोन-तीनदा पिणाऱ्याला अचानक थांबायला सहसा अडचण येत नाही. रोज क्वार्टर, म्हणजे १८० मिली, किंवा त्याहून जास्त घेणाऱ्याचं तसं नाही. सकाळी हात थरथरत असतील, घाम फुटत असेल, उठल्यावर थोडी घेतल्याशिवाय बरं वाटत नसेल किंवा पूर्वी दारू सोडताना फिट आली असेल, तर स्वतःच्या मनाने एकदम बंद करू नका. शेवटच्या पेगनंतर सहा ते चोवीस तासांत थरथर सुरू होते, पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते आणि दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या दरम्यान भ्रम होऊ शकतो. हे जिवावर बेतू शकतं. अशांनी आधी डॉक्टर गाठावा. थांबवण्यासाठी औषधं असतात आणि ती देखरेखीखालीच घ्यायची असतात. पुण्यात १९८६ पासून मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र हेच काम करतं, आणि १४४४६ ही व्यसनमुक्तीसाठीची राष्ट्रीय हेल्पलाइन आहे. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल, तर पहिले दोन आठवडे साखर जास्त वेळा तपासा. दारू थांबली की आकडे बदलू शकतात.

महिना कोणता

सगळ्यात सोपा श्रावण. 'श्रावण आहे' म्हटलं की पुढचा प्रश्न येत नाही, टेबलावरचे निम्मे लोकही तुमच्याच पंगतीला असतात. अडचण आदल्या दिवसाची. गटारीला महिनाभराचा कोटा एका रात्रीत संपवायचा बेत आखला जातो आणि श्रावणाचे पहिले दोन दिवस डोकं धरून बसण्यात जातात. त्यात झोप बिघडते आणि चिडचिड होते, ती लोक 'सोडल्यामुळे झालं' म्हणून खपवतात. गटारी करायचीच असेल तर नेहमीएवढीच करा. पंचांगही बघून घ्या: २०२३ साली अधिक श्रावण आला आणि एका महिन्याच्या तयारीने उतरलेल्यांपुढे दोन महिने उभे राहिले.

श्रावण सोडून दुसरा महिना घ्यायचा तर जानेवारी चालतो. ब्रिटनमध्ये २०१३ पासून 'ड्राय जानेवारी'ची मोहीम चालते, आपल्याकडेही हिंजवडी-बाणेरच्या ऑफिसांत ती आता माहीत आहे. डिसेंबर टाळा. लग्नं, ऑफिसच्या पार्ट्या आणि थर्टी फर्स्ट एकाच महिन्यात अंगावर घेण्यात शहाणपण नाही.

आधी हिशोब, मग बाटल्या

सुरुवातीआधीच्या आठवड्यात किती घेता ते मोबाइलमध्ये लिहा, आणि पेगमध्ये नको, ग्रॅममध्ये लिहा. ६० मिलीच्या लार्ज व्हिस्कीत साधारण २० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असतं. क्वार्टरमध्ये साठेक ग्रॅम. 'मी फक्त बियर घेतो' म्हणणाऱ्यांची इथे गंमत होते: ८ टक्क्यांच्या स्ट्राँग बियरच्या ६५० मिलीच्या एका बाटलीत चाळीसेक ग्रॅम असतं. दोन लार्ज झाले. उष्मांकही बघा. एका लार्जमध्ये १४० च्या आसपास कॅलरी असतात, चकणा वेगळा.

हा आकडा महिन्याच्या शेवटी लागणार आहे, म्हणून खोडू नका.

घरात अर्धा खंबा पडला असेल तर तो 'पाहुण्यांसाठी' कपाटात ठेवू नका. रात्री साडेदहाला तो पाहुणा तुम्हीच असता. मित्राकडे ठेवायला द्या. फ्रिजमध्ये त्याच जागी सोडा, लिंबं, कोकम आगळ, जिरेपूड आणि पुदिना ठेवा. २०० मिली थंड सोड्यात दोन चमचे आगळ, चिमूटभर जिरेपूड आणि बर्फ घाला. आगळात मीठ असतंच, वरून घालू नका. तुमच्या नेहमीच्याच ग्लासात ओता, कारण संध्याकाळी सवय असते ती हाताची आणि घड्याळाची. तलफ आली की ती सहसा पंधरा-वीस मिनिटांत ओसरते. पोट रिकामं असलं की ती जास्त जोरात येते, म्हणून सात वाजता काहीतरी खा. पोहे, भडंग, उकडलेली अंडी, काहीही चालेल.

सांगायचं कसं

गोळ्या चालू आहेत, ही थाप मारू नका. अँटिबायोटिकचा कोर्स पाच-सात दिवसांत संपतो, मग दुसरी थाप लागते, आणि एखादा खरोखर काळजी करणारा मित्र थेट घरी फोन करून 'काय झालंय याला?' विचारतो. लांबलचक खुलासाही नको. लिव्हर, वजन, बायको, बॉस अशी कारणं मोजून दाखवली की प्रत्येक कारणावर टेबलावरून वकिली सुरू होते.

'या महिन्यात नाही, पण येतोय मी.' एवढं पुरतं. दुसरा अर्धा भाग महत्त्वाचा आहे, कारण समोरच्याला खरी भीती तुम्ही यायचे बंद होणार याची असते. 'अरे, एकाने काय होतंय?' हे येणारच. त्यावर हसून 'एक तारखेला सांगतो' म्हणा आणि विषय बदला. तिसऱ्यांदा आग्रह झाला की आवाज न चढवता फक्त 'नको' म्हणा, त्यापुढे काही जोडू नका. आणि ग्रुपमधल्या एकाला आधीच विश्वासात घ्या. शक्यतो जो ऑर्डर देतो त्यालाच, म्हणजे तुमच्यासमोर न विचारता भरलेला ग्लास येणार नाही.

टेबलावर

घरून थोडं खाऊन निघा. पोचल्यावर पहिली ऑर्डर तुमची जाऊ द्या, वेटर येईपर्यंत मन चाचपडत ठेवू नका. फ्रेश लाइम सोडा मिठाचा, जलजीरा, ताक, मासे मिळणाऱ्या ठिकाणी सोलकढी. चिअर्सच्या वेळी हातात काहीतरी असलं की अर्ध्या लोकांच्या लक्षातही येत नाही. मॉकटेल मात्र जपून. त्यातली बरीचशी रंगीत साखरपाणी असतात आणि दोन घेतली की वजन उतरवायचा विचार सोडून द्यावा लागतो. टॉनिक वॉटर कडू लागतं म्हणून निर्धास्त राहू नका, त्याच्या ३०० मिलीच्या कॅनमध्ये सुमारे पाच चमचे साखर असते. झिरो बियरचं माणसागणिक वेगळं आहे. कुणाची तहान तिने भागते, कुणाला तोच वास आणि तीच चव पुढच्या बाटलीकडे नेते. पहिल्या दहा दिवसांत ती टाळलेली बरी. नंतर घेतलीत तर लेबलवर ०.० आहे की 'अर्ध्या टक्क्याहून कमी' ते वाचा.

चकण्याकडेही लक्ष हवं. खारे शेंगदाणे, चकली, मसाला पापड यांनी तहान वाढते, आणि हाताशी पाणी नसेल तर नजर शेजारच्या ग्लासावर जाते. पाण्याचा जग स्वतःजवळ ओढून घ्या.

बिलाचं बोलणं आधी उरकावं. दारूवर व्हॅट आणि जेवणावर जीएसटी लागतो, त्यामुळे परमिट रूममध्ये बारचं आणि जेवणाचं बिल बहुतेकदा वेगळंच येतं. सरसकट भागिले सहा करण्याऐवजी जेवणाचं सगळ्यांत वाटा आणि बारचं पिणाऱ्यांत. पुण्यात टीटीएमएम, म्हणजे 'तू तुझं, मी माझं', म्हणायला कुणी लाजत नाही, पण ते बसतानाच म्हणावं. बिल आल्यावर म्हटलं की कंजूषपणा दिसतो.

निघायची वेळही ठरवून जा. साधारण तिसऱ्या पेगनंतर तीच गोष्ट दुसऱ्यांदा सांगितली जाते, आणि शुद्धीत असलेल्याला ती जड जाते. कंटाळा आणि तलफ यांची तिथे गल्लत होते. साडेदहाला 'चला, सकाळी टेकडी' म्हणून उठा. गाडी तुमच्याकडे असेल तर सोडायला एकाला किंवा दोघांना न्या. आग्रह थांबवायला 'गाडी चालवायची आहे' हे कारण उत्तम आहे, पण एकदा पाच जणांना कोथरूड ते विमाननगर पोचवलंत की महिनाभर ड्रायव्हर तुम्हीच.

भेटीची वेळ हलवा

महिन्यातल्या निम्म्या भेटी सकाळवर न्या, आणि हे इतरांवर सोडू नका. ज्याने बेत आखला त्याच्या हातात जागा आणि वेळ असते. 'रविवारी भेटू' असं मोघम लिहिलं तर संध्याकाळच ठरते. 'रविवारी सहाला सिंहगड, पायथ्याला भेटू, वर पिठलं-भाकरी आणि दही' असं लिहा. वेताळ टेकडी किंवा पर्वतीनंतर मिसळ, फर्ग्युसन रस्त्यावर डोसा आणि कॉफी, अमृततुल्यचा कटिंग घेत तासभर उभ्याने गप्पा. रात्रीचंच हवं असेल तर बालगंधर्वला नाटक आणि नंतर मस्तानी. नाटक ठरलं की तीन तास प्रश्नच उरत नाही. काही जण सकाळी येणार नाहीत. त्यांना रात्री भेटा, वर सांगितलं तसं.

सगळ्यात अवघड प्रकार म्हणजे मुळशी किंवा पानशेतला रात्रभराचं फार्महाउस. तिथून उठून येता येत नाही आणि दुपारी चारलाच सुरुवात होते. पहिल्या दोन आठवड्यांत अशा बेताला नाही म्हटलेलं बरं. नंतर जायचं तर स्वतःची गाडी न्या, तुमचा सोडा आणि आगळ वेगळ्या पिशवीत घ्या, आणि चूल किंवा शेगडी ताब्यात घ्या. मटण असो की भरीत, रांधणाऱ्याच्या ग्लासात काय आहे ते कुणी बघत नाही.

अंगात काय होतं

पहिल्या चार-पाच रात्री झोप नीट लागत नाही, स्वप्नं खूप पडतात. दारूने डोळा लवकर लागतो, पण उत्तररात्रीची झोप तुटते. तिच्याशिवाय झोपायची सवय परत लागायला थोडे दिवस जातात. गोड खावंसं वाटतं, तेव्हा खजूर किंवा फळ खा आणि या महिन्यात डाएटचा दुसरा निश्चय जोडू नका. दुसऱ्या आठवड्यापासून सकाळी बरं वाटायला लागतं. तिसऱ्या आठवड्यात धोका असतो तो फाजील आत्मविश्वासाचा: 'जमतंय की, मग आज एक घेतली तर काय?'

घेतली गेलीच, तर तारीख आणि ग्रॅम लिहा, कुणाबरोबर आणि किती वाजता तेही लिहा, आणि दुसऱ्या दिवसापासून पुढे चालू ठेवा. 'आता मोडलंच आहे' म्हणून उरलेला आठवडा सोडून देणं हे त्या एका पेगपेक्षा महागात पडतं. अशा नोंदी दोन-तीनदा झाल्या आणि थांबणं खरंच जमत नाहीये असं दिसलं, तर वरची हेल्पलाइन त्यासाठीच आहे.

महिना संपल्यावर

एक तारखेची पार्टी ठेवू नका. महिनाभरात शरीराची सवय उतरलेली असते, त्यामुळे जुने तीन लार्ज आता जास्त चढतात, आणि उलट्या, पडझड, भांडणं याच रात्री होतात. पहिल्यांदा घ्यायचीच असेल तर जेवण झाल्यावर एक स्मॉल घ्या, तासभर थांबा, आणि त्या दिवशी गाडी घरी ठेवा. त्याआधी सुरुवातीचा ग्रॅमचा आकडा काढा आणि पुढच्या महिन्याचा आकडा त्याच्याखाली लिहा. सकाळच्या सिंहगडाचा ग्रुप वेगळा ठेवला असेल तर तो बंद करू नका.